गाद्यांच्या दुकानातली अर्धवेळ नोकरी

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (लेखीच समजावा. गुडघ्यांची सध्याची अवस्था पाहता आठांपैकी पाचच अंगं जमिनीपर्यंत पोहोचतात. उरलेली तीन तुम्ही मोठ्या मनाने माफ करावीत.) वहिनींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. तुमचं डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं आणि आता तुम्हाला लांबचंही स्वच्छ दिसतं असं कळलं. तसं असेल तर जरा इकडे माझ्याकडे पाहा, कारण मला कालच नोकरीवरून काढलं आहे.

दचकू नका. वजनमापं निरीक्षक म्हणून मी तीन वर्षांपूर्वी सन्मानाने निवृत्त झालो, त्याला कुणी हात लावलेला नाही. (त्या समारंभात मिळालेलं घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. त्याबद्दल मी खात्याला सविस्तर कळवलं आहे, उत्तर नाही.) ही दुसरी नोकरी. खरं म्हणजे तिसरी; पण दुसरी दीड दिवसच टिकली, म्हणून ती धरायची की नाही हे तुम्हीच ठरवा.

या वयात हे उद्योग कशाला, असं तुम्ही म्हणाल. पेन्शन पुरते आणि उरते. पण तुम्हाला ठाऊकच आहे, तुमच्या भगिनी, म्हणजे आमच्या सौ., चौदा महिन्यांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला गेल्या त्या तीन महिन्यांसाठी. मग नात रांगू लागली, मग मुलीची रजा संपली, मग नात आजीशिवाय कुणाच्या हातून घास घेईना. (नातीला मी दोष देत नाही. मीही त्याच सवयीचा आहे.) मी तिकडे आठ दिवस राहून आलो, पण त्यांच्या दोन खोल्यांत मला बाहेरचा सोफा मिळाला आणि तिला आत पाळण्याशेजारची जागा, आठ दिवसांत आमचं बोलणं झालं ते दुपट्यांच्या घड्या घालताना. फोन रोज येतो. कसं चाललंय, असं ती विचारते. मी म्हणतो, अगदी मजेत, तू सावकाश ये. छत्तीस वर्षांत माझा एक शब्द तिने ऐकला नाही, आणि नेमका हाच तेवढा मनावर घेतला.

संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ या घरात काढणं कठीण आहे, दादा. सकाळचं एकवेळ जमतं, दूधवाला येतो, वर्तमानपत्र येतं, नळ जातो. सहा वाजता मात्र सगळं येऊन संपलेलं असतं आणि मी दोन खोल्यांचे दिवे लावून तिसऱ्या खोलीत बसतो. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण जावयाला काहीतरी वास लागला असावा. त्याने मोबाइलवर एक भलीमोठी यादी पाठवली: निवृत्तांनी फावल्या वेळात जादा उत्पन्न मिळवण्याचे एकवीस मार्ग. लोकांची कुत्री फिरवा, शिकवण्या घ्या, रिकामी खोली भाड्याने द्या. खोलीचा विचार केला होता. एक नर्सबाई बघायलाही आल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या, पण कपाट उघडून म्हणाल्या की या साड्या कधी काढणार? मी म्हटलं, खोली आधीच दिलेली आहे. त्यांनी विचारलं, मग जाहिरात कशाला दिलीत? मी उठून चहा केला.

मग कोपऱ्यावरच्या वाण्याने संध्याकाळच्या गर्दीत तोलायला बोलावलं. निरीक्षकसाहेब स्वतः तोलतायत म्हटल्यावर गिऱ्हाइकांचा विश्वास वाढेल, असा त्याचा हिशेब. पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की काटा बारा ग्रॅमने खोटा आहे. हाताची सवय वाईट, दादा. मी दोन गिऱ्हाइकांना पंच म्हणून उभं केलं, वहीचं पान फाडून पंचनामा लिहिला आणि काटा जप्त करून घरी घेऊन आलो. मला तो अधिकार आता नाही हे घरी पोहोचल्यावर आठवलं. काटा परत करायला गेलो तेव्हा वाणी रागावला नाही, पण तेव्हापासून साखर मात्र त्याचा भाऊच देतो.

गाद्यांच्या दुकानातली नोकरी त्यानंतरची. काचेचं मोठं दुकान, आत रांगेने अकरा पलंग, सगळ्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी आणि त्यांवर कुणीही झोपत नाही. मालकाला एक वयस्कर, प्रामाणिक चेहऱ्याचा माणूस हवा होता. (चेहरा मी बरोबर घेऊन गेलो होतो.) काम सोपं. त्यांची सर्वांत महाग गादी अशी आहे की आतली प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत शिवलेली असते; त्यामुळे एका बाजूचा माणूस कितीही लोळला तरी दुसऱ्या बाजूच्याला पत्ता लागत नाही. हे दाखवायला गादीच्या एका अर्ध्या भागावर काठोकाठ पाण्याचा पेला ठेवायचा आणि दुसऱ्या अर्ध्यावर मी धाडकन पडायचं. माझं वजन तुम्हाला माहीत आहे.

मी रुजू होण्याआधीच चाचणी घेतली. वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या कुशीवर, एकूण चौदा वेळा पडलो. पाणी हललं नाही. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत विकणाऱ्याचं बोलणं शंभर टक्के खरं निघालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण तसाच आडवा पडून मी शेजारच्या पेल्याकडे पाहत राहिलो आणि फार वाईट वाटलं. मालकाला वाटलं मला लचक भरली.

तरी महिनाभर चाललं. संध्याकाळी आठ-दहा वेळा पडायचं, लोक टाळ्या वाजवायचे, घरी जायला नऊ वाजायचे. काल एक नवरा-बायको आली, आपल्याच वयाची. बाई त्रासलेल्या होत्या. हे रात्रभर कुशी बदलतात, माझी झोपच होत नाही, म्हणाल्या. नवरा त्यांची पिशवी हातात धरून गुन्हेगारासारखा उभा. मी पेला ठेवला, पडलो, पाणी हललं नाही. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी लगेच पर्स उघडली. आणि मी गादीवरून न उठताच म्हणालो, घेऊ नका.

पुढे मी काय बोललो ते मला सलग आठवत नाही. एवढं नक्की सांगितलं, की आमच्याकडची गादी जुन्या कापसाची आहे, मधे खोलगट झालेली. बायको वळली की मी अर्धा वळायचो. पहाटे उठली की माझी बाजू खाली जायची आणि मी चिडायचो. चांगली वीस वर्षं मी तिला म्हणत होतो की जरा हलकं वळत जा. आता चौदा महिने गादी हलत नाही, आणि काहीच हललं नाही म्हणून मला जाग येते. बाईंनी पर्स बंद केली. तुमच्या मिसेस आता कुठे असतात, असं त्यांनी फार हळू विचारलं. त्यांचा काही वेगळाच समज झाला असावा. मी म्हटलं, मुलीकडे, मजेत आहे. तेव्हा त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या, "अहो, मग बोलवा की!"

दादा, इतकं साधं उत्तर मला एकवीस मार्गांत कुठे दिसलं नव्हतं. ती दोघं गादी न घेता गेली. मालक गल्ल्यामागे उभा राहून सगळं ऐकत होता. भला माणूस आहे. काका, उद्यापासून तुम्ही विश्रांती घ्या, एवढंच म्हणाला आणि पेल्यातलं पाणी मला प्यायला दिलं.

बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
एकटाच पण मजेत असलेला मेहुणा

ता. क. : मूळ काम लिहायचं राहिलंच. तुम्ही थोडंसं आजारी पडाल का? फार नको. पाय मुरगळला तरी पुरे. मी आजारी पडलो तर ती फोनवरून औषधं सांगेल, पण तुमच्यासाठी धावत येईल. तुमच्याकडून माझं घर बसने दीड तास. पुढचं मी बघतो.

ता. क. २ : वरचं रद्द समजावं. खोटी मापं देणाऱ्यांना जन्मभर पकडत फिरलो आणि आता तुम्हाला लंगडायला सांगतोय. शिवाय ती लगेच ओळखेल.

ता. क. ३ : लग्नाला माझा होकार आहे हेही मी तेव्हा तिला न सांगता तुम्हालाच सांगितलं होतं. तेव्हा हेही तुम्हीच करा. तिला फोन लावून हे पत्र वाचून दाखवा. गादीचा मजकूर गाळा. नाही, काहीच गाळू नका. फक्त सावकाश वाचा, आणि वाचताना ती कुठे हसली आणि कुठे गप्प झाली, तेवढं मला कळवा.