टॉमची घोडी

धार, शके १८३०, पौष शु. ५

आज दरबारच्या बँडाच्या तालमीत दादा सबंध वेळ बसूनच होता. मास्तर सारखे त्याच्याकडे बघत होते, म्हणजे बोलायचं ठरवून ठेवलंय. दसऱ्याच्या स्वारीत किल्ल्याच्या चढावर दादाचा गुडघा गेला तो गेलाच. तेल झालं, बिब्बा झाला, महूचा डॉक्टर झाला. चार पावलं चालला की तोंड वाकडं करतो आणि वर म्हणतो, काही नाही.

तालीम सुटल्यावर मला एकट्याला थांबवलं. फर्नांडिस मास्तर गोव्याचे. रागावले की हिंदीवर जातात. आज सरळ मराठीत बोलले, म्हणजे प्रकरण रागापलीकडचं. "सदू, तुझा भाऊ वाजवतो झकास. पण टॉम गळ्यात घालून चालणार कोण? बँड म्हणजे चालायचं काम." माघात देवासला एका सरदारांकडे लग्न आहे. तिथं मंडपात बसून वाजवायचंय. तोवर टॉमसाठी चांगला स्टँड झाला तर दादाला नेणार. नाही तर पटावरून नाव कमी.

टॉम म्हणजे खाली झणझणत्या तारा नसलेला लहान ड्रम, मास्तरांनी मुंबईहून आणलेला. तो दादाकडे, मोठा ढोल माझ्याकडे. बँडात मला घेतलं तेही दादाच्या शब्दावर. त्याला दुसरं काहीही येत नाही. मला तरी कुठं येतं.

पौष शु. ७

घरातली घडवंची पाहिली. उंची बरोबर. हंडे खाली उतरवले, वर कापडाची चुंबळ ठेवली, चुंबळीवर टॉम. दादानं चार हात मारले तर घडवंची डुगडुगत भिंतीकडे निघाली.

वैनी पाण्याची घागर घेऊन दारात उभ्या. "भावजी, हंडे काय तुमच्या डोक्यावर ठेवू?" घडवंची परत दिली. आवाजही धड नव्हता, पण लाकूड जुनं म्हणून तसा येत असेल, असं धरून सोडून दिलं.

पौष शु. ९

मास्तरांकडे मुंबईच्या दुकानाचं चित्रांचं पुस्तक आहे. त्यात पितळी स्टँड, मिटवता येतो, स्क्रूनं वरखाली होतो. दादा चित्राकडे बघत राहिला. मागवला तर येणार फाल्गुनात. पुस्तक मिटलं.

पौष शु. ११

नंदराम लोहाराकडे गेलो. दादाला स्टँड म्हणून चार पायांची घोडी हवी. देवाच्या चौरंगाला चार, राजाच्या पलंगाला चार, मग वाद्यानं काय पाप केलंय, असं त्याचं म्हणणं. नंदराम भाता सोडून ऐकत राहिला आणि म्हणाला, "तीन पग राखो भिया. जमीन ऊंची-नीची होय तो भी तीन पग कदी नी डगे." दादा म्हणाला, तीन पायांचं जनावर पाहिलंय का कुठं? नंदराम म्हणाला, चार पायांची तुमची घडवंची चालत होती ना?

मीच सांगितलं होतं त्याला. दादा रस्ताभर माझ्याशी बोलला नाही. तीन पाय ठरले.

पौष पौर्णिमा

घोडी आली. काम चोख. तीन पाय, वर लोखंडी कडं, कड्याच्या आत आडव्या पट्ट्या. वैनींनी हळदकुंकू लावलं. दादानं नवी चुंबळ वळली, पट्ट्यांवर ठेवली. आमचं घराणं नौबतीचं. बाप आणि आजा दोघंही दरवाज्यावर नगारा वाजवत आले, आणि चुंबळीशिवाय नगारा कधी कुठं ठेवला नाही. वाद्याला आसन लागतं. टॉम ठेवला, डुगडुग नावाला नाही.

दादानं काठी मारली. भद्द.

पुन्हा मारली. भद्द. ओल्या गोणीवर मारल्यासारखं. 

पौष व. २

कातडं शेकलं. दोऱ्या ताणल्या. कोरड्या थंडीचे दिवस, कातड्याचा सूर खरं तर आपणहून चढायला हवा. तरी भद्द. गळ्यात होता तोवर हाच टॉम टणटण बोलत होता.

दादा म्हणाला, "टॉम तोच, काठ्या त्याच. मग माझाच हात गेला." अगदी साधं बोलला, दूध नासलं म्हणून सांगावं तसं. मग काठ्या फडक्यात गुंडाळून वर फळीवर ठेवल्या. वैनी म्हणतात जेवला नाही.

पौष व. ४

दादा बाहेर गेल्यावर मी वाजवून पाहिलं. माझ्या हातूनही भद्द. इतका आनंद झाला की हसू आलं. म्हणजे हात नाही गेलेला.

तो आल्यावर सांगितलं. म्हणतो, "तुझा हात ढोलाचा. तुला टॉममधलं काय कळतंय? समजूत घालू नकोस." मग मीही चिडलो. नको ते बोललो. म्हटलं, लंगडा पाय आहे तो आहे, डोकं तरी लंगडं करू नकोस. तोंडातून गेलं ते गेलं. वैनी माझ्याकडे न बघता भाकरी वाढून गेल्या. वाईट वाटतंय.

पौष व. ७, संक्रांत

सापडलं!

तिळाचा पाक टॉमवर सांडला. वैनी ओरडल्या, मी एका हातानं टॉमचाच वरचा काठ धरून तो उचलला आणि दुसऱ्या हातानं पुसायला लागलो. बोट लागलं. टण्ण. खाली ठेवला, टिचकी मारली, भद्द. उचलला, टण्ण.

नगाऱ्याच्या खाली तांब्याचं भांडं असतं, त्याला चुंबळ चालते. टॉमला खालीही कातडं आहे. आम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबून वर विचारत होतो की बाबा बोलत का नाहीस! पिढ्यान् पिढ्या वाजवणारे आम्ही, आणि हे कळायला पाक सांडावा लागला.

दादाला बोलावलं, दाखवलं. त्यानं स्वतः तीनदा उचलून ठेवून पाहिलं. मग फळीवरून काठ्या काढल्या. तिळगूळ सगळ्यांत आधी मला दिला. व. ४ चं भांडण संपलं असं धरतो.

पौष व. ८

संपलं कसलं. चुंबळ काढायला दादा तयार नाही. "उघड्या लोखंडावर वाद्य ठेवू? बाप असता तर हात तोडला असता." मी म्हटलं, आसन ठेव नाहीतर आवाज ठेव. वैनी मधे पडल्या. "बसायला पाटच पाहिजे का? मूल कडेवर पण बसतं."

नंदरामकडे परत. आडव्या पट्ट्या कापल्या. कड्यावर तीन आकडे बसवले, टॉम नुसता खालच्या काठावर त्यांत टेकतो, पोट मोकळं. दादानं तिन्ही आकड्यांना मऊ चिंधी गुंडाळली, नमस्कार केला आणि मग टॉम ठेवला. नंदराम आपल्या बायकोवरून म्हणाला, इतनो लाड तो म्हारी लाडी को भी नी हुयो.

वाजवलं. लोहारआळीतले लोक कामं टाकून आले.

पौष व. १२

मास्तरांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं, मग वाकून खालून बघितलं. "किसने बनाया?" हिंदीत, पण राग नव्हता. दादाचं नाव देवासच्या यादीत आलं. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून ढोलाच्या दोऱ्या आवळत बसलो.

माझी मंडळी अमझेऱ्याला माहेरी आहे, पहिलं बाळंतपण. पत्र टाकलं.

देवास, माघ शु. ४

काल पोचलो. इंदुरापासून दादा गाडीत घोडी मांडीवर घेऊन बसला होता. टेकडीवरच्या देवीला खालूनच हात जोडले, चढणं त्याला जमणार नाही. मला म्हणाला, तू जाऊन ये माझ्या वाटचा. गेलो. वर वारा फार.

माघ शु. ५

लग्नाचा दिवस आणि मला थंडी वाजून ताप. धर्मशाळेत दोन घोंगड्या घेऊन पडलो. मास्तर येऊन कपाळाला हात लावून गेले, तोंड पडलेलं. ढोलाशिवाय बँड उभा कसा राहणार?

दुपारी मंडपाकडून बँड सुरू झाल्याचं ऐकू आलं. टॉम ओळखला. मग ढोल वाजला. माझा ढोल! कोण वाजवतंय म्हणून उठून बसलो. हात ओळखीचा, पण ओळख पटेना. टॉम आणि ढोल एकमेकांना सोडत नव्हते, दोन माणसं इतकं एकत्र कधी वाजवत नाहीत. दादा आणि मी तर नाहीच.

संध्याकाळी दादा आला. खुर्चीवर बसून, टॉम डावीकडे घोडीवर, ढोल उजवीकडे आडवा लावून, दोन्ही त्यानं एकट्यानं वाजवले. सरदारांनी शेला दिला. तो माझ्या अंगावर घातला आणि म्हणाला, "तुझ्या ढोलाचा आहे." इतका खूष त्याला दसऱ्यानंतर पाहिला नव्हता. मीही खूष.

धार, माघ शु. १०

ताप उतरला. तालमीला गेलो. सगळे दादाचंच बोलत होते.

मास्तरांनी मला थांबवलं. मराठीत बोलले. बँडातला एक माणूस कमी करा, असा वरून हुकूम आहे. कुणाला काढायचं याची त्यांना चिंता होती, ती देवासला मिटली. घोडी असली की दोन्ही ड्रमांना एक माणूस पुरतो.

मी विचारलं, कोण?

"बसून वाजवायला तुम्ही दोघंही चालाल. पण स्वारीत ढोल घेऊन चालायला पाय लागतात. तू टॉम शिक. बसल्यावर दोन्ही, चालताना ढोल. दादाला मी काय सांगू?" मग म्हणाले, "तुला नको असेल तर तसं सांग. दादाला ठेवतो, स्वारीपुरता दुसरा गडी बघतो. आठ दिवसांनी उत्तर दे."

मंडळीचं पत्र आलंय. मुलगा झाला.

माघ शु. ११

घरी पेढे वाटले. दादानं आळीभर सांगितलं, वाजवणारा आला. मी मास्तरांचं काही बोललो नाही. दोनदा तोंड उघडलं होतं.

घोडी दादाच्या खोलीत आहे, वर पंचा टाकलेला. ती करायला कोण धावलं होतं? मीच ना.

माघ शु. १२

सकाळी दादानं आपणहून हाक मारली. "सद्या, इकडे बस." आपली खुर्ची दिली. टॉम घोडीवर लावला, ढोल उजवीकडे आणून ठेवला. म्हणाला, "देवासला तुझा ताप माझ्या कामी आला. उद्या मी पडलो तर? तुलाही आलं पाहिजे."

मास्तरांनी त्याला काही सांगितलंय का, ते त्याच्या तोंडावरून कळेना. विचारायचा धीर झाला नाही. बसलो.

माझं मनगट धरून त्यानं काठी कशी सोडायची ते दाखवलं. तासभर शिकवलं. एकदाही रागावला नाही. शेवटी पाठीवर थाप मारून म्हणाला, "आठ दिवसांत हात बसेल तुझा."