कुटुंबासाठी योग्य कुत्रा

रविवार, ५ फेब्रुवारी २००६. सकाळी साडेनऊ.

निर्णय झाला. कुत्रा आणायचा.

गार्गी पहिलीत असताना तिला प्रॉमिस केलं होतं. आता ती पाचवीत आहे. म्हणजे फार उशीर झालेला नाही.

निवेदिता मुलांना घेऊन डोंबिवलीला गेली त्याला अडीच महिने झाले. तिथल्या शाळेत तिला नोकरी मिळाली. गार्गी आणि ओजसलाही त्याच शाळेत घातलं. भिवंडीहून रोज जाऊन-येऊन करणं कठीण, म्हणून तात्पुरती सोय. वर्षाच्या मधेच मुलांची शाळा बदलणं जरा घाईचं झालं, पण निवेदिता आहेच घाईची. जाताना तिने मिक्सर, शिलाई मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ नेलं. तात्पुरत्या मुक्कामातही वेळ तर बघावी लागतेच.

प्लॅन असा: मे महिन्यात मुलं सुट्टीला येतील. कुत्रा बघतील. परत जायला तयार होणार नाहीत. एकटी निवेदिता तिकडे काय करणार? जूनमध्ये सगळे इथे.

कुत्रा निवडणं मला जड नाही. चौदा वर्षं मी कापडाचे ताके तपासतोय. काचेवरून कापड सरकत असताना एक तुटका धागा माझ्या नजरेतून सुटत नाही. घरात मुलांची मांजर आहे, मनी. शिवाय लव्हबर्ड्सची जोडी (सध्या एक. दुसरा जानेवारीत गेला. मुलांना अजून सांगितलेलं नाही. उरलेला ठीक आहे, फक्त आवाज करत नाही). तेव्हा कुत्रा असा हवा, की मुलांना चावणार नाही, मनीला धरणार नाही, पक्ष्यावर भुंकणार नाही. शंभर मार्कांचा तक्ता केला. पासिंग पंच्याऐंशी.

मंगळवार, ७ फेब्रुवारी.

लोडशेडिंगमुळे लूम बंद, म्हणून लवकर घरी. जिन्यात घरमालक दौलतशेठ भेटले. त्यांना प्लॅन सांगितला. म्हणाले, डॉबरमन घ्या साहेब, माझ्या गोडाऊनला दोन हायेत, कोन जवल येत न्हाय. मी म्हटलं, मला कोणीतरी जवळ यायलाच हवं आहे. मग म्हटलं, म्हणजे मुलांना.

त्यांची आई, आक्का, ओट्यावर सुकट निवडत होती. तिने विचारलं, बायको कवा येनार? मी म्हटलं, मे महिन्यात. तिने आत जाऊन दोन भाकऱ्या आणून दिल्या. लोकांना मला भाकऱ्या का द्याव्याशा वाटतात कळत नाही. मी व्यवस्थित जेवतो. आज सकाळी टोस्ट खाल्ले होते.

रविवार, १२ फेब्रुवारी. दुपार.

पडघ्याला हायवेवर दाजींचा ढाबा आहे. त्यांच्याकडे अल्सेशियन आहे, नऊ महिन्यांचा, द्यायचा आहे. प्रत्यक्ष परीक्षा हवी म्हणून मनीला कापडी पिशवीत घालून बरोबर नेलं. जीपमध्ये तेरा माणसं. बारा माझ्याकडे बघत होती.

ढाब्यावर पिशवीचं तोंड उघडलं. मनी आधी माझ्या हातावर चढली, मग खांद्यावर, मग डोक्यावर. तिथून तिने अल्सेशियनकडे बघून असा काही आवाज काढला की तो दाजींच्या खाटेखाली गेला आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही. दाजी म्हणाले, साहेब, तुम्हाला कुत्र्याची काय गरज? हीच बांधा दारात.

मार्क: ३१. भित्रा. माझ्या कपाळावर चार ओरखडे. ऑफिसात विचारलं तर सांगायचं, दाढी करताना.

रविवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळी सव्वासहा.

आजचा फोन झाला. दर रविवारी सहाला करतो. गार्गीने तिन्ही प्रश्नांची उत्तरं दिली. हो. नाही. आईला देऊ का? मोबाईलवर वेळ दिसते: १ मिनिट ३८ सेकंद. मागच्या रविवारपेक्षा चार सेकंद जास्त. प्रगती आहे.

कुत्र्याचं तोंडातून निघणार होतं, आवरलं. सरप्राइज आहे.

रविवार, २६ फेब्रुवारी. दुपारी दोन.

केसरीनाथ गुरुजी म्हणून रिटायर्ड ड्रॉइंग टीचर आहेत. ते मुलाकडे नाशिकला चाललेत, त्यांना त्यांची पामेरियन चांगल्या घरी द्यायची आहे. पांढरीशुभ्र, स्वच्छ, शिक्षित. जाताक्षणी पंचवीस मार्क दिले.

मुख्य प्रश्न मुलांचा. गुरुजींकडे लहान मूल नाही. तेव्हा मूल मलाच व्हावं लागलं. गुरुजींना आधी समजावून सांगितलं. मग गुडघ्यांवर बसून रांगत गेलो. ओजस ओरडतो तसा ओरडलो. कान ओढला. इथपर्यंत तिने सहन केलं. शेपटी ओढल्यावर पोटरीला चावली.

गुरुजींच्या पत्नी पार्वतीबाई हळद घेऊन धावत आल्या. हळद लावताना त्यांनी विचारलं, घरी कोणी नाही का हो तुमच्या? मी म्हटलं, आहेत ना, चौघं आहोत.

मार्क: ४४. सहा मार्क स्वच्छतेचे धरून.

सोमवार, २७ फेब्रुवारी.

इंजेक्शन. एकूण पाच घ्यायची. डॉक्टरांनी विचारलं, कुत्रा ओळखीचा होता का? मी म्हटलं, इंटरव्ह्यूला आला होता.

संकल्प: पुढची परीक्षा उभ्याने.

रविवार, १२ मार्च.

आज कुत्रा बघायला गेलो नाही. पाय दुखतो. घर साफ करायचं ठरवलं होतं, मुलांची खोली आवरली. आवरण्यासारखं फारसं नव्हतं. ओजसची एक चप्पल कपाटाखाली सापडली. पुसून दाराशी ठेवली. दाराशी चप्पल असली की घर भरलेलं वाटतं.

फोन: १ मिनिट ०५ सेकंद. त्यांची परीक्षा जवळ आली आहे, साहजिक आहे.

गुरुवार, ३० मार्च. गुढीपाडवा. संध्याकाळ.

ऑफिसला सुट्टी. गुढी उभारली नाही. एकट्याने काठी बांधणं अवघड, आणि यंदा शास्त्रापुरतं श्रीखंड आणलंच होतं. पोटरीची सूज उतरेना, म्हणून अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. कुत्र्याशी काही संबंध नव्हता.

कुंडाजवळ पुतळाबाई चहा विकते. तिच्या गावठी कुत्रीला चार पिल्लं झालेली. मी पाय शेकून बाकावर बसलो, तर त्यांतलं एक, तपकिरी, एक कान उभा एक पडलेला, आलं आणि माझ्या बुटावर हनुवटी ठेवून झोपलं. चहा संपला तरी उठेना. मी पाय हलवू शकेना. दुसरा चहा घेतला. मग तिसरा.

पुतळाबाई म्हणाली, घेऊन जा दादा, सनाचा दिस हाय. मी तिला तक्ता समजावला. गावठीसाठी कॉलमच नाही. आईवडिलांची माहिती नाही. ती म्हणाली, आय ही बसलीय. बाप त्या वडाखाली हाय, बोलवू का?

अशा वातावरणात निर्णय घेणं चुकीचं. फक्त ट्रायलवर आणलं आहे. एसटीत कंडक्टर म्हणाला, पिशवीत काय आहे? मी म्हटलं, सामान. तेवढ्यात सामानाने पिशवीतून डोकं काढून त्याचं बोट चाटलं. तो म्हणाला, झाका हो.

मंगळवार, ४ एप्रिल.

ट्रायल रिपोर्ट. नाव ठेवलेलं नाही, तो हक्क गार्गीचा. सध्या ‘उमेदवार’ म्हणतो.

मनीने पहिल्या दिवशी उमेदवाराच्या नाकावर एक मारली. त्याने ती आशीर्वादासारखी घेतली. काल दुपारी बघतो तर मनीच्या पोटाशी झोपला होता. पिंजऱ्यासमोर बसून राहतो, भुंकत नाही. आज पक्षी दोनदा बोलला.

मी ऑफिसात असताना खाली आक्काकडे असतो. आक्का म्हणते, तुजी वाट बगतं रं, पाच वाजल्यापासून दारात. मी म्हटलं, कुत्र्यांना वेळ कळते, शास्त्रीय आहे.

मार्क: १२. तीन वेळा गादी ओली, एक मोजा फाडला, खानदान शून्य. नियमाने परत करायला हवा. रविवारी अकलोलीला नेऊन सोडतो.

रविवार, ९ एप्रिल.

ऊन फार. पुढच्या रविवारी.

रविवार, १६ एप्रिल.

आज नक्की जाणार होतो. उमेदवाराला अंघोळ घातली, ओला सोडणं बरं नाही. त्यानंतर भात-वरण केलं. त्याला बाहेरचं चालत नाही. आता रोज घरीच करतो, थोडं मीही खातो.

तक्त्यात सुधारणा करत आहे. मूळ तक्ता घाईत झाला होता.

रविवार, २३ एप्रिल.

सुधारित मार्क: ९१. पास.

शांत डोक्याने, पद्धतशीर काम केलं की योग्य निवड होतेच.

फोनवर निवेदिताला सांगितलं, मे महिन्यात मुलांना पाठव. ती म्हणाली, ७ तारखेला रविवारी घेऊन येते, दिवसभर राहतील, संध्याकाळी नेते. सुरुवातीला एक दिवस म्हणते. ठीक. एका दिवसात काम होईल.

शनिवार, ६ मे.

फरशी पुसली. गाद्यांना उन्हं दिली. मुलांच्या खोलीत नव्या चादरी. दौलतशेठनी घरचे हापूस पाठवले. उमेदवाराला समजावलं, उद्या तुझा दिवस आहे, शेपटी आपोआप हलू दे.

रविवार, ७ मे. रात्री लिहीत नाही सहसा, पण आज नोंद हवी.

दहाला आले. ओजस दारातच ओरडला, मी रांगत ओरडलो होतो तसाच. उमेदवार पळाला नाही, सरळ त्याच्या अंगावर गेला. पुढचे सात तास मी त्या तिघांना सुटं बघितलंच नाही. कान ओढले. शेपटी ओढली. काही नाही. मी गॅलरीत खुर्ची टाकून बघत होतो. शंभरातले शंभर.

गार्गीने पिंजऱ्यापाशी जाऊन बघितलं. एकच पक्षी. तिने वाटीतलं पाणी बदललं.

ओजसने नाव ठेवलं, डंपर. गार्गी एरवी त्याचं ऐकत नाही, पण हसली आणि म्हणाली, चालेल. ती माझ्यासमोर हसली त्याला किती दिवस झाले मोजत होतो, तेवढ्यात पाच वाजले आणि निवेदिता आली.

मी तिला मुलांची खोली दाखवली. नव्या चादरी दाखवल्या. इथल्या शाळेत जूनच्या ॲडमिशनची चौकशी करून ठेवली आहे, तेही सांगितलं. ती दारातच उभी राहिली.

“आल्हाद, मुलं इथे राहायला येणार नाहीत. मी नोव्हेंबरात सांगितलं. जानेवारीत पुन्हा सांगितलं. तू दर वेळी ‘हं’ म्हणतोस.”

मी हं म्हटलं. ती दमलेली होती. प्रवास, ऊन.

निघायची वेळ झाली. गार्गी पिल्लाला छातीशी धरून जिन्यात थांबली. खाली उतरेना, वरही येईना.

“बाबा, हा माझा आहे ना?”

“तुझाच. तुझ्यासाठीच आणलाय.”

“मग?”

एवढंच. या प्रश्नाचा मी तीन महिन्यांच्या प्लॅनमध्ये कुठेच विचार केला नव्हता. माझ्या प्लॅनमध्ये कुत्रा जागेवर राहत होता आणि माणसं हलत होती.

निवेदिता माझ्याकडे बघत होती. म्हणाली, “तुला चालेल का? खरं सांग. तो तुझ्याजवळ असू दे हवं तर. मी गार्गीला समजावते.” अडीच महिन्यांत, नाही, साडेपाच महिन्यांत ती इतक्या हळू आवाजात बोलली नव्हती.

मी म्हटलं, “मला काय करायचाय कुत्रा?”

आक्का ओट्यावरून सगळं बघत होती. रिक्षा वळल्यावर म्हणाली, येरा हाईस तू. त्यांच्या बोलीत वेडा. भाकरी दिली नाही.

सोमवार, ८ मे.

निवेदिताचा मेसेज: पोचलो. डंपरला रिक्षात दोनदा उलटी झाली, आता बरा आहे.

बरं आहे. मार्क कापायचे तर प्रवासाचे तीन.

रविवार, १४ मे. सकाळी अकरा.

एक फायदा झाला. मुलं आता दर रविवारी येणार. तसं मी ठरवलं आहे. आठला उठून शिरा केला, बेदाणे घालून.

साडेदहाला गार्गीचाच फोन आला. तिने स्वतःहून केलेला पहिला फोन. ११ मिनिटं २० सेकंद. डंपरने काय खाल्लं, डंपरने कोणाची चप्पल पळवली, शेजारचे काका डंपरला काय म्हणाले. मी मधे एकदाही बोललो नाही.

शेवटी म्हणाली, आज येत नाही, बाबा. मी म्हटलं, त्यालाही घेऊन या. तर म्हणाली, त्याला गाडी लागते. आणि घरी एकटं ठेवता येत नाही. एकटा राहिला की दाराशी जाऊन बसतो, काही खात नाही.

मी म्हटलं, बरोबर आहे. नका ठेवू एकटं.