धाकट्या मामीची साडी आणि डीएनएची दुरुस्ती

चि. मितालीस,

दिग्रसहून कमलाकरमामाचे पोतंभर आशीर्वाद. (पाकिटावर 'डॉ.' लिहिलं आहे, पोस्टमनला वचक बसावा म्हणून. आत मात्र तू आमची मितूच.) इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या मामीचे गुडघे आहेत तसेच आहेत. मंदार राजूरला कोळशाच्या खाणीवर, शनिवारी येतो, रविवारी जातो. त्याच्या अनघाला सहावा महिना लागला, पायाचं प्लॅस्टर केव्हाच निघालं, तब्येत उत्तम. तिची काळजी इथे कुणीच करत नाही, मी तर नाहीच नाही. ताईला नमस्कार. तू कशी आहेस? तुझे प्रयोगशाळेतले उंदीर कसे आहेत?

आता धाकट्या मामीचा फोन तुला यायच्या आत झाला प्रकार माझ्याकडून ऐकून घे, कारण ती तिखटमीठ लावेल. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सध्या कापसाशिवाय दुसरा विषय नाही. भाव किती पडला, लाल्या रोगाने किती नेला, दिल्लीहून बातमीसाठी आलेल्या कॅमेरेवाल्याने कुणाला कुठे उभं केलं. माणसं हसायचंच विसरली बाई! म्हणून मी जाहीर केलं की एक गुरुवार कापूस बंद, आणि त्या दिवशी माझं व्याख्यान, विषय 'गर्भातील मूळपेशी आपला डीएनए कसा दुरुस्त करतात'. तू दिवाळीत फोनवर जे सांगितलं होतंस ते सगळं माझ्या लक्षात होतं. (सगळं नव्हतं, ते पुढे येईलच.)

सुरुवातीला मी उदाहरणादाखल एक काल्पनिक सून घेतली. ती पुसदच्या एसटीतून उतरताना घसरते, घोट्याचा एक्स-रे काढतात, आणि पुढे थोड्या दिवसांनी कळतं की तिला दिवस गेलेले आहेत. मग त्या किरणांनी आतल्या इवल्याशा जिवाच्या डीएनएच्या धाग्यांचं काय झालं असेल? (गावाचं नाव घेतलं नाही, घराचं तर नाहीच. माझ्या परिचयातले एक गृहस्थ आहेत, त्यांचा या विचाराने जीव टांगणीला लागला आहे, एवढंच.) हे म्हणताच सगळी सभा उगाचच खाली बघायला लागली. मला वाटलं, विषय जड जातोय.

मग मी तुझंच सगळं सोपं करून सांगितलं. म्हटलं, आपल्या अंगातल्या प्रौढ पेशी कारकुनासारख्या असतात (मी तहसिलीत बत्तीस वर्षं काढली आहेत, मला बोलायचा हक्क आहे). धागा तुटला की बऱ्याचदा टोकाला टोक जोडून मोकळ्या होतात, मधलं अक्षर गेलं तर गेलं. पण गर्भातल्या मूळपेशींना असं चालत नाही, कारण नाक, डोळे, काळीज सगळं त्यांच्यातूनच व्हायचं असतं. त्या धाग्याची नुकतीच तयार झालेली जुळी प्रत शेजारी ठेवतात, तिच्यात बघून गेलेलं अक्षर न् अक्षर उतरवून घेतात. आणि एखादी पेशी फारच मोडली असेल तर ती आपणहून बाजूला होते, बाकीच्यांना नीट वाढू देते. हे वाक्य मी दोनदा म्हटलं, का कुणास ठाऊक.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र अर्ध्या पानात आटपलं असतं. पण मला प्रात्यक्षिकाची हौस! मंदारच्या लग्नात तुझ्या दोघी मामींना एकसारख्या साड्या घेतल्या होत्या, त्याही सुती, कारण "कापसाच्या गावात रेशीम कायले?" असं तुझ्या मामीने बजावलं होतं. एकीला फॉल लागला होता. दुसरी, धाकटीची, फॉल लावायची म्हणून दीड वर्ष आमच्याच कपाटात होती. मी दोन्ही नेल्या. व्यासपीठावर एक टर्रकन फाडली (तीच, बिनफॉलची), तिच्याखाली जुळी पसरली आणि सुईदोरा घेऊन बसलो. चहा यायचा होता म्हणून कुणी उठलं नाही. शेवटी मोठ्या थाटात साडी उचलली, तर खालचीही वर आली. मितू, तू शेवटी म्हणाली होतीस की तुटका धागा जुळ्यात शिरतो, नक्कल करतो आणि मग सुटा होतो. ते सुटं व्हायचं मी विसरलो. दोन्ही साड्या एकमेकींना हातभर शिवल्या गेल्या होत्या!

लोक हसले. इतके हसले की कप विसळणारी हंसाबाई बाहेर येऊन बघून गेली. मला राग आला होता, पण तेवढ्यात किसनसिंग उठला. (तांड्यावरचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. यंदा त्याचा निम्मा कापूस गेला, तरी पहिल्या रांगेत हजर.) म्हणाला, "कमलाकर, साडी जाऊ दे. सूनबाईले डॉक्टर काय म्हन्ते?"

मी म्हटलं, "कोणती सूनबाई?"

"तेच. काल्पनिक."

मी पाणी प्यायलो. तर तो म्हणतो, "आमच्या पुष्पाच्या बाळंतपनाच्या वक्ताले मीबी असाच येडा झालतो. लेकरू हातात आलं तवा शुद्धीवर आलो." मग जो तो आपापल्या नातवंडांच्या वेळची भीती सांगायला लागला. चहा गार झाला, पण कापसाचं नाव कुणी काढलं नाही.

घरी मात्र तुझी मामी माझ्याशी अनघामार्फतच बोलते आहे. "तुझ्या सासऱ्यांना विचार, भाजी वाढू का." मी समोरच बसलेला असतो.

तुझा,
कमलाकरमामा

ता.क. : पुण्यात तशी साडी मिळाली तर घेऊन ये. काठ हिरवा, रुंद.

दुसरा ता.क. : साडीचं राहू दे. ते परिचित गृहस्थ कोण, हे तू ओळखलंच असशील. तू म्हणाली होतीस, "मामा, हे आम्ही उंदरांमध्ये पाहिलंय." तो उंदीर मी व्याख्यानातून गाळला, पण माझ्या डोक्यातून जात नाही. माणसाच्या बाळातही असंच होतं ना गं? डॉक्टरीणबाई 'काळजी नको' म्हणतात, पण त्या सगळ्यांनाच तसं म्हणतात. फोन करू नकोस, पत्रच लिही. खोटं लिहिताना तुझं अक्षर तिरकं होतं, हे मला तुझ्या लहानपणापासून ठाऊक आहे.

मितालीताई, मी अनघा. बाबांनी पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली दोन ओळी लिहिते. घोट्याच्या एक्स-रेचं पोटापर्यंत काही पोचत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत समजावलं होतं. बाबा शेजारीच बसले होते. आता तर त्या बाबांना दारात बघूनच म्हणतात, "बाळ छान आहे, आजोबा." तरी तुम्ही सरळ अक्षरात, लांबलचक लिहा. ते मोठ्याने वाचतील, मला पुन्हा एकदा ऐकायचं आहे. साडी मात्र आणू नका. मी टाके उसवायला बसले तर आईंनी हात धरला. शिवलेला तुकडा तसाच कापून त्याचं दुपटं बेतलंय, कात्री धाकट्या काकूंनी स्वतः चालवली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. आई म्हणाल्या, "बाळ आतून आपलं आपण नीट करतंय ना, करू दे. वरून आजोबांचे टाके असू देत."