घरच्या चार मॅचेस

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.१०

आजपासून ही वही. पहिल्या पानावर लिहिलं : रंकाळा रेंजर्स, हेड कोच, गोपनीय. गोपनीयखाली दोन रेघा.

शाळेत बावीस वर्षं बास्केटबॉल शिकवला, पण पगारी खेळाडू पहिल्यांदाच हाताखाली. बारा जण आहेत. संघाचे मालक पृथ्वीराजदादा, कागलच्या अलीकडे हायवेला त्यांचं टाइल्सचं शोरूम आहे. काल बोलावून घेतलं. म्हणाले, सर, लीग नवीन हाय, कप मी मागत न्हाय. पण घरच्या मैदानावर पहिल्या चार मॅचेस हायत, त्यातली एक तरी मारायची. गावात फिरायला तोंड पायजे की. चारी हरलो तर तुम्ही मोकळं, आम्ही मोकळं.

एक मॅच. मी चार धरून चाललो आहे.

पूर्णिमाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. त्याचा या कामाशी संबंध नाही. दादांनी विचारलं, एवढ्या लगेच झेपेल का. म्हटलं, सहानंतर घरी तसंही काही काम नसतं. हे कारण म्हणून नाही सांगितलं, सोय म्हणून सांगितलं.

१४ सप्टेंबर, रविवार

प्लॅन तयार. अकरा पानं, तीन रंगांची पेनं.

मुख्य मुद्दा धैर्यशील. मुरगूडचा मुलगा, सहा फूट सात इंच, कॅप्टन. आजवरचे सगळे कोच त्याला रिंगखाली उभा करत आले. जुना विचार. मी त्याला बाहेर आणणार, मध्यरेषेजवळ. बॉल पुढं आणायचं काम त्याचं. एवढ्या उंचीवरून त्याला अख्खं कोर्ट दिसेल. जिल्ह्यात असा विचार कुणी केलेला नसावा.

दुसरा मुद्दा, चाळीस मिनिटं पूर्ण कोर्टभर प्रेस, म्हणजे प्रत्येकाने आपल्या माणसाला चिकटूनच पळायचं. समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही.

तिसरा, तळलेलं बंद.

शाळेच्या टीमने तीनदा राज्य स्पर्धा जिंकली ती अशाच विचारामुळे. पूर्णिमा प्रत्येक मॅचला यायची. पोस्टातून सुटली की थेट, तिसऱ्या रांगेत. तिला खेळातलं कळायचं असं नाही. घरी जेवताना काहीबाही विचारायची, बोलायला विषय हवा म्हणून. तो डावखुरा पोरगा सारखा उजवीकडनंच का जातो? त्या दोघांचं भांडण आहे का, एकमेकांना पास देत नाहीत ते? योगायोग असा की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मी तोच बदल करणारच होतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला सराव. शिस्त पाहून समाधान वाटलं.

हॉलच्या बाहेरपर्यंत त्यांचा दंगा ऐकू येत होता. कुणीतरी कुणाच्या तरी आयटम साँगवरच्या नाचाची नक्कल करत होता. मी आत पाय टाकला आणि एकदम शांतता. सगळे उभे राहिले. प्लॅन सांगितला. धैर्यशील खाली बघत म्हणाला, बरं सर. सम्राट हा खरा बॉल आणणारा, चपळ, जेमतेम पावणेसहा फूट. त्याला रिंगखाली जायला सांगितलं. तोही म्हणाला, बरं सर. बाराच्या बारा जणांचा एक प्रश्न नाही. असिस्टंट कोच तोहिदने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तरुण आहे, शिकेल.

प्रोफेशनल आणि शाळेत हाच फरक.

मेसमध्ये जेवलो. बायडाबाई स्वयंपाक करते. पोरांवर ओरडते ते रस्त्यावर ऐकू जातं. ए नवरदेवा, ताट धुवायला तुझा बा येणार हाय व्हय? माझ्यापाशी आली की एवढंच, भात वाढू का सर. तेही अगदी हळू. घसा बसत असावा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सराव अप्रतिम. बरं सर, बरं सर. धैर्यशीलला पळत बॉल आपटायला अजून जमत नाही, पायावर बसतो. मॅचच्या दिवशी अंगात येईल.

४ ऑक्टोबर, शनिवार. रात्री ९.१५

घरची पहिली मॅच. ४८-७९. हार.

कारणं : १. हॉलमधले दिवे. २. वर बसलेली कबुतरं. ३. धैर्यशीलच्या पायावर बॉल, अकरा वेळा.

पहिली मॅच अंदाज घेण्यासाठी असते. दादांना फोन करून सुचवलं की ती चारात धरू नये. दादा म्हणाले, धरली की ओ सर.

११ ऑक्टोबर, शनिवार

दुसरी. ५१-८०. हार.

मात्र फरक एकतीसवरून एकोणतीसवर आला. म्हणजे दर मॅचला दोन गुणांची प्रगती. या वेगाने सतराव्या मॅचला आपण जिंकतो. माझ्या हातात चारच आहेत. वेग वाढवावा लागेल.

प्रेक्षक नवखे आहेत. फुटबॉलचं गाव, त्याला हा खेळ कळायला वेळ लागणार. गॅलरीतून एकजण सारखा ओरडत होता, ओ कोच, त्या उंटाला आत पाठवा की, बाहेर चरायला सोडलाय व्हय! सगळी गॅलरी हसली. बेंचवर कुणी हसलं नाही. दोघं-तिघं आपापल्या बुटांकडे बघत होते.

मी हात मागे बांधून उभा होतो. कोचने शांत दिसलं पाहिजे. मला त्यासाठी हल्ली काही करावं लागत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

सरावाला खेळाडू स्टीलचे डबे घेऊन आले. प्रत्येकाच्या हातात एक. उघडून पाहिलं तर चकली, चिवडा, करंज्या. नियमाची आठवण करून दिली आणि सगळे डबे बाकावर ओळीत ठेवायला लावले. सराव संपल्यावर जप्तीची नोंद करायला बसलो, तेव्हा तोहिद जवळ येऊन म्हणाला, सर, ते पोरांचं न्हाय. त्यांच्या आयांनी तुमच्यासाठी दिलंय. यंदा तुमच्या घरी करणार न्हाईत ना.

बारा डबे. तेरावा तोहिदच्या घरचा. त्याची आई रशिदाबी, तिने शंकरपाळ्या केल्या होत्या.

रिक्षाने घरी आणले. स्वयंपाकघरात जागा झाली नाही म्हणून पुढच्या खोलीत टीपॉयवर. संघभावना वाढवण्यासाठी हा उपक्रम चांगला आहे. दरवर्षी घ्यावा असं लिहिलं आणि मग खोडलं.

कोणत्या डब्यातलं आधी संपवायचं ते ठरवता येईना. एकही उघडला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार. रात्री १०

तिसरी. ६०-७४. हार. फरक चौदा. वेग वाढला आहे.

मॅचनंतर तोहिद थांबला. सगळे गेल्यावर म्हणाला, सर, एक बोलू का, राग मानू नका. मग बाकावरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. शेवटी म्हणाला, पहिल्या दिवशीच पोरांनी ठरवलंय, सर दुखात हायत, त्यांना उलटं बोलायचं न्हाय. घरातनं पण तसंच सांगून पाठवलंय सगळ्यांना. म्हणून सगळे बरं सर म्हणतात. धैर्याला तिथं जमत न्हाय सर. त्याला बी माहीत हाय, सम्राटला बी. बायडाबाईला बी माहीत हाय.

म्हटलं, मी दुखात आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

त्याने बाटल्यांची पिशवी उचलली. 

निर्णय : सोमवारपासून वाद घालण्यासाठी वेळ राखून ठेवायचा. सरावाआधी, पाच पन्नास ते सहा.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वादाची वेळ ठेवली. सगळ्यांना गोल बसवून सांगितलं, प्लॅनबद्दल मोकळेपणाने बोला, मी सरावातला माणूस आहे, घरातला नाही. दहा मिनिटं कबुतरांचा आवाज. शेवटच्या मिनिटाला सम्राटने हात वर केला. म्हणाला, सर, जेवण जातंय का तुम्हाला?

विषयाला धरून नव्हतं. नोंद घेतली नाही.

अर्थ स्पष्ट आहे. प्लॅनला विरोध नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

शनिवारी चौथी मॅच. अटीतली शेवटची. जिंकलो तर सीझनभर काम राहील, रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ. हरलो तर सहानंतर घर.

आज मेसमध्ये न जाता घरी जेवलो. वही समोर उघडी ठेवून प्लॅन मोठ्याने वाचला, म्हणजे कच्चे दुवे लक्षात येतील. पहिलं पान, दुसरं पान. प्रत्येक पानानंतर थोडं थांबलो. दहाव्या पानापर्यंत आलो तोवर भात गार झाला होता. मध्ये कुणी अडवलं नाही.

म्हणजे प्लॅन पक्का.

१ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ११

आज सविस्तर लिहितो.

पहिला हाफ नेहमीसारखा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये धैर्यशील मला न विचारता रिंगखाली जाऊन उभा राहिला आणि बॉल आणायला सम्राट बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे बघून काही ठरवलं असावं. शिस्तभंग म्हणून लिहून घेतलं. त्या सात मिनिटांत धैर्यशीलने सोळा गुण केले. गॅलरी उभी राहिली. तो ओरडणारा माणूस ओरडत होता, आरं आला की उंट घरी!

मी धैर्यशीलला परत बाहेर बोलावलं. प्लॅन म्हणजे प्लॅन. तो म्हणाला, बरं सर.

शेवटची चाळीस सेकंदं. ६३-६४. एक गुण कमी, बॉल आपला. मी टाइमआउट घेतला.

टाइमआउट साठ सेकंदांचा असतो. बारा जण माझ्याभोवती वाकले. तोहिदने छोटा पांढरा बोर्ड माझ्या हातात दिला. पेनचं टोपण काढलं. काय काढायचं ते मला सुचेना. घाबरलो नव्हतो. आत काही हललंच नाही. मी वर तिसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथे एक माणूस चष्मा पुसत होता.

 धैर्यशीलच्या हनुवटीवरून घाम बोर्डवर पडत होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा रिंगकडे. त्याला मी फक्त आत जा म्हणायला हवं होतं. दोन शब्द. हॉर्न वाजला. पेनला टोपण लावलं. सगळे म्हणाले, बरं सर.

मी काही सांगितलंच नव्हतं.

धैर्यशील बाहेर उभा राहिला. सम्राटने आतून उडी मारून टाकला, समोरच्याच्या हाताला लागला.

६३-६४.

कारणं :

२ नोव्हेंबर, रविवार

दादा घरी आले. तेरा डबे बघून आधी बसायला जागा शोधली. चहा नको म्हणाले. म्हणाले, सर, तुमचा अपमान करायला आलो न्हाय. पण चारी गेल्या. आता तोहिद बघेल. तुम्ही वर्षभर जरा निवांत ऱ्हावा.

म्हटलं, एका गुणाने गेली. फरक एकतीसवरून एकवर आणला.

दादा म्हणाले, ते बी खरं हाय.

जाताना दारात थांबून म्हणाले, वहिनी असत्या तर. पुढचं वाक्य पूर्ण केलं नाही. 

४ नोव्हेंबर, मंगळवार

सहा वाजले. साडेसहा वाजले.

चकल्यांचा एक डबा उघडला. मऊ पडल्या आहेत.

८ नोव्हेंबर, शनिवार

तोहिदने पास पाठवला होता. जाणार नव्हतो. गेलो. वरच्या गॅलरीत बसलो.

धैर्यशील पहिल्यापासून रिंगखाली. प्रेस नाही. खेळाडू एकमेकांवर ओरडत होते, तोहिदवर पण ओरडत होते, तो त्यांच्यावर. सम्राटने तर टाइमआउटमध्ये त्याच्या हातातला बोर्डच ओढून घेतला. हाफटाइमला ४१-२४. पुढे.

शेजारी मलकापूरहून आलेले एक गृहस्थ होते. जीप सर्व्हिसिंगला टाकली होती, वेळ घालवायला आत शिरलेले. बास्केटबॉल जन्मात पहिल्यांदा बघत होते. कोपर मारून मला म्हणाले, पावणं, तुमास्नी कळतंय व्हय ह्यातलं काय?

बावीस वर्षं, तीन राज्य स्पर्धा, अकरा पानं असं सगळं तोंडापर्यंत आलं.

म्हटलं, नाही. बायकोला कळायचं.

ते म्हणाले, मग त्यास्नी घिऊन यायचं की, एकटंच आलाय व्हय!

म्हटलं, ऑगस्टमध्ये गेली.

ते गप्प झाले नाहीत. आवाजही खाली आणला नाही. म्हणाले, आरारा. मग पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, मला पाय सोडायला जागा केली आणि म्हणाले, मग बघूया दोघंच, काय कळतंय का ते.

मॅच संपेपर्यंत त्यांनी मला सहा प्रश्न विचारले. घरी येऊन सहाही इथे उतरवून घेतले, पूर्णिमाचे कधी घेतले नव्हते.