दोन तासांच्या आत

१४ डिसेंबर, रविवार

— आणि वेणी. सतराव्या किलोमीटरपासून पुढे फक्त कमलची वेणी, टोकाला लाल रबर. डावीकडे, उजवीकडे. खोपोली रस्ता, मागून ट्रक, बाजूला कापलेली शेते. काही पाहिले नाही. श्वास तुटत होता. दोनदा तिने मागे वळून पाहिले. राग आला. पुढे आहेस तर जा ना.

शाळेच्या मैदानात शिरलो तेव्हा ती दहा-बारा पावले पुढे. रेषा. घड्याळ बंद केले. १:५९:४१.

दोन तासांच्या आत. तीन वर्षे लागली. गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिले. रडू येईल असे वाटले होते. आले नाही.

बक्षिसे. पंचेचाळीस वर्षांवरील महिला, एकवीस किलोमीटर. पहिला क्रमांक म्हणून माझे नाव. क. खाली उभी, जोरात टाळ्या. दुसरे नाव. तिसरे नाव. तिच्या टाळ्या मंदावल्या. मी ढाल घेऊन खाली उतरले.

"माझा नाव नाय घेतला, बाई?"

"चिपने नोंद घेतली नसेल."

फार लवकर बोलले.

वे. १:५९:४१. क्र. १. म. —

मजेचा रकाना उद्या भरेन.

१५ डिसें.

रकाना रिकामा.

स्टाफरूममध्ये पेढे. मीच आणले. इतिहासाचे सर: "गटात किती जणी होत्या?" सहा, म्हटले. "म्हणजे सहांत पहिल्या. आमच्या वर्गात साठ असायचे, तरी आम्ही पहिले येत नव्हतो." सगळे हसले. मीही.

गटात सातवी होती: क. निकाल मोबाइलवर चार वेळा पाहिला. क.चे नाव नोंदणीच्या यादीत आहे. पुढे सुरुवात नाही, शेवट नाही.

पहिल्या तासाला फळ्यावर तारखेऐवजी १:५९ लिहिले. मुलींनी दाखवून दिले.

१७ डिसें.

सहाला हमरापूर फाटा, तिथून जोह्याच्या बाजूला. आठ कि.मी., सावकाश. क. नेहमीप्रमाणे वाटेतल्या प्रत्येकाशी बोलत पळाली. "काय गो, वाल लागला का?" "तुझ्या म्हशीला सांग, रस्ता काय तिच्या बापाचा नाय." मी श्वास मोजते, ती माणसे.

मग स्वतःच सांगितले. छातीवर लावायच्या नंबरामागे फोमची पट्टी असते, तिच्यात चिप. तिने ती आदल्या दिवशी घरीच सोलून टाकली. तिच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीच्या मुकुटाचे खडे फोमवर चिकटून येतात. माल हातात आला की आधी फोम काढायचा, मग काम. वीस वर्षांची सवय. "मला वाटला पॅकिंग हाय." खूप हसली. रस्त्यात थांबून हसली.

थोड्या वेळाने: "बाया इचारतात, पळालीस का यष्टीनं आलीस गो?" हे सांगताना हसली नाही.

परदेशी जायच्या मूर्ती आत्ता रंगतात, रविवारीही काम असते. मालकाने सुट्टी देताना म्हटले होते, नंबर आण, मग पुढच्या सुट्टीचे बघू. आता म्हणतो, कागद दाखव. रोह्याची शर्यत महिन्यावर. कागद नाही.

वे. घेतली नाही. म. होती. फाट्यापर्यंत.

१९ डिसें.

हे लिहायला पाच दिवस लागले.

सुरुवातीच्या रेषेवर वारा होता. क.ने नंबराला वरच्या दोनच पिना लावल्या होत्या. कागद उलटला. मागे पट्टी नव्हती. मी पाहिले.

चौकशीचे टेबल मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. सुटायला चार मिनिटे. सांगितले असते तर ती गेली असती, तिथे गोंधळली असती, मला बरोबर जावे लागले असते. मग मागच्या गर्दीतून सुटायचे. पहिला किलोमीटर वाया.

मी घड्याळाकडे पाहिले. मग समोर.

क्रमांकासाठी गप्प राहिले नाही. एवढे खरे. वेळेसाठी राहिले.

लिहून हलके वाटेल असे वाटले होते.

२१ डिसें., रविवार

क.ला काम. एकटी गेले. दहा कि.मी.

वे. ५५:१०. चांगली. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. पाणी प्यायला थांबले तर पाय थांबेनात, जागच्या जागी उचलत राहिले. एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरून बघत होते. "कुनाची वाट बघता?"

ढाल कपाटावर होती. कपाटात ठेवली. दुपारी बाहेर काढली. संध्याकाळी परत आत.

धावायला का लागलीस असे कोणी विचारले की सांगत असे, त्या तासात माझ्याकडे कोणी काही मागत नाही. आता मीच मागते. दर किलोमीटरला.

२३ डिसें.

आयोजकांना फोन.

"मॅडम, चिप नाही म्हणजे सिस्टीममध्ये त्या धावल्याच नाहीत."

"मी पाहिलं. माझ्या पुढे होत्या."

"तुम्ही पहिल्या आलात ना?"

"हो."

"मग तक्रार कसली?"

शेवटी म्हणाले, रेषेवरचा फोटो असेल तर पाठवा. शोधला. माझा चांगला आला आहे, तोंड वाकडे, दोन्ही पाय जमिनीपासून वर. उजव्या कडेला एक कोपर आणि वेणीचे टोक. नंबर दिसत नाही. पाठवला तरी. उत्तर नाही.

पट्टी नसल्याचे मी आधीच पाहिले होते, हे त्यांना सांगितले नाही. त्यांना सांगून —

२७ डिसें.

क.ला सांगितले. फाट्यावर, पळण्याआधी. सगळे. वारा, कागद, चार मिनिटे.

ती बुटाची नाडी बांधत होती. बूट माझेच, जुने. बांधून झाली तरी वाकलेलीच राहिली.

"तवाच दिसला तुला?"

तिची मुलगी माझ्या वर्गात होती तेव्हापासून मी 'बाई' आणि 'तुमी'. एकेरी आज पहिल्यांदा.

"हो."

"मी दोनदा मागं बघितला. का बघितला, ठाव हाय?"

आता ती सरळ उभी राहिली.

"वर्षभर ऐकते, दोन तास, दोन तास. माझ्याकडं घड्याळ नाय. तुझा श्वास ऐकून पळत होते. तुटला की हळू, जुळला की पुढं. म्हटला, आज हिला आत घालायची."

टपरीवर कोणीतरी स्टोव्हला पंप मारत होते.

"एकटी पळाले असते तर कुठल्या कुठं गेले असते मी."

गेली. घराकडे. चालत.

३० डिसें.

पळाले नाही. काल नाही, परवा नाही. वर्गात उभी असताना टाच हलत होती. पहिल्या बाकावरची मुलगी टाचेकडे बघत होती.

१:५९:४१ मध्ये माझे किती? पहिले सोळा किलोमीटर बहुधा. तेही नक्की नाही.

३ जाने.

फाटा. सव्वासहापर्यंत उभी. आली नाही. टपरीवाले दादा चहा देताना:

"भांडलात काय?"

"नाही."

"मंग ती बांधावरनं एकटी का जाते? पाचलाच गेली. आनि काय सुटलीय! कुत्रा मागं लागला व्हता, तो दमून बसला."

त्यांना मजा वाटत होती. मला उगाच अभिमान वाटला. मग दुसरे काहीतरी.

१० जाने., शनिवार

जोहे. ढाल पिशवीत घेऊन कारखान्यात गेले.

क. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होती. आखणी करताना ती श्वास धरते. रेघ पुरी होईपर्यंत आसपास कोणी बोलत नाही, मालकही नाही. दारात उभी राहिले. एक डोळा. दुसरा. मग तिने श्वास सोडला आणि माझ्याकडे पाहिले. म्हणजे मी आल्याचे तिला आधीच कळले होते.

सगळ्यांसमोर सांगितले. शर्यतीत ही माझ्या पुढे होती. हिची नोंद झाली नाही. ती चूक सुरू व्हायच्या आधी मला दिसली होती, मी बोलले नाही.

मालक आधी माझ्याकडे, मग मूर्तीकडे बघत राहिले. "बाई, तुमी सांगता म्हंजे असंल." मूर्ती घासायला बसलेल्या बायांपैकी एक: "बग. यष्टीनं नव्हती आली." दुसरी: "यष्टी तरी एवढ्या टायमात पोचते का गो?" हशा. क. हसली नाही.

ढाल पुढे केली.

"काय लिवलाय?"

"महिला. प्रथम क्रमांक."

"नाव?"

"नाव नाही. कोणाचेच."

"मंग ठेव तिथं."

ठेवली. तिने ती आडवी केली, वर ओले ब्रश मांडले.

मालकांनी रोह्याची सुट्टी दिली. बाहेर पडताना क. मागून आली.

"तिथं चिप हाय?"

"नाही. परतीच्या वळणावर हाताला रबरबँड घालतात, शेवटी क्रमांकाची चिठ्ठी देतात."

"मंग येते. पन तुझ्यासाठी नाय पळनार."

१७ जाने.

पाय हलके. डोके नाही. उद्या घड्याळ न बांधता जावे असे ठरवले. मग चार्जिंगला लावले.

१८ जाने., रविवार

रोहा. एकवीस कि.मी., कुंडलिकेच्या काठाने जाऊन परत. थंडी चांगली.

क. सुटल्यासुटल्या पुढे. दुसऱ्या किलोमीटरनंतर दिसली नाही. मी तिला शोधत होते, मग शोधणे सोडले. नदी पाहिली. पाण्यावर वाफ, पलीकडे कोणीतरी कपडे आपटत होते, आवाज हातामागून उशिरा येत होता. चार-पाच किलोमीटर बरे गेले. फार बरे.

वळणाच्या अलीकडे ती समोरून आली. मनगटावर निळा रबरबँड. रस्त्याच्या कडेला बाया ओरडत होत्या, "चल गो बाय, चल!" ती कोणाशी बोलली नाही. माझ्या अंगावरून गेली. मी हात वर केला. तिने पाहिले असेल. चेहरा आखणीच्या वेळचा.

शेवटचे दोन कि.मी. घड्याळ बघितलेच.

चौथी आले. चिठ्ठीवर बॉलपेनने ४. क. मंडपाच्या खांबाला टेकून उभी, मुठीत घामाने भिजलेली चिठ्ठी. १. नाव पुकारले, ती स्टेजवर गेली, हार घातला. मी टाळ्या वाजवल्या, मंदावू दिल्या नाहीत. खाली आली ती सरळ माझ्याकडे.

"माझा टाइम किती?"

"इथे वेळ घेत नाहीत. फक्त क्रमांक."

"तुमच्या घड्याळात?" पुन्हा 'तुमी'.

"त्यात माझाच."

तिने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हते.

"मंग मला कसा कळनार, एकटी मी केवढी पळते?"

मी अर्धा तास मागे असेन. वीस मिनिटे असेन. मलाही माहीत नाही.

परतीच्या एसटीत शेजारी बसली, खिडकीकडे. हार मांडीवर. पेण येईपर्यंत तीन-चारदा माझ्या मनगटाकडे पाहिले. स्टँडवर उतरल्यावर मी घड्याळ काढून दिले. नको म्हणाली नाही. सुरू कसे करायचे, बंद कसे करायचे, दोनदा विचारले. तिसऱ्यांदा स्वतः करून पाहिले.

"उद्या देते."

ढालीचे काही बोलली नाही. त्या गोष्टीचेही नाही.

वे. २:०६:१५. क्र. ४. म. लिहिले होते. खोडले.

१९ जाने.

सकाळी पावणेसहाला फाट्यावर पोचले. क. आधीच निघून गेली होती. टपरीवाले दादा म्हणाले, घड्याळ बघत बघत गेली, हाक मारली तर ओ दिली नाही.