ठोकून न पाहिलेल्या पायऱ्या

निकेशदादा,

तळोज्याच्या त्या बंद कारखान्यात आज मी एकटीच आले. तू बरोबर असलास की प्रत्येक पायरी काठीने ठोकून बघतोस. "आवाज ऐक गो, मंगच पाय ठेव," म्हणतोस आणि तोवर फोटोंचा उजेड निघून जातो. म्हणून तुला सांगितलंच नाही.

मी वर पोचले आणि मागे जिन्याचा मधला भाग कोसळला. मला लागलं नाही, पण इथला स्लॅबही हलतोय. अग्निशमन दलाला फोन केलाय, ते निघालेत. मी भिंतीला चिकटून बसलेय. सारखा तुझा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते.

हेही पाठवणार नाही. वाचलंस तर तू एकटाच धावत येशील आणि एकही पायरी न ठोकता उरलेला जिना चढशील.

तुझी घाबरलेली,
मनस्वी