पालथ्या पानांबद्दल माफी मिळणार नाही

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार, तुला आणि तुझ्या गुडघ्यालाही. (तो जिना चढू देतो का आता? डॉक्टर सांगतात तसं चाल, शेजारीण सांगते तसं नको.) इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.

माझ्या सासूबाईंनी फोनवर तुझ्याकडे माझी कागाळी केल्याचं कळलं. "मेहुण्याची माफी माग आणि विषय मिटव" हा तुझा निरोपही पोचला. आत्या, तुझा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही. हा पडू देतोय.

झालं असं. खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर पत्त्यांची स्पर्धा होती. हे आपले राजा-राणीचे पत्ते नव्हेत. यात ड्रॅगन, राक्षस असतात आणि प्रत्येकजण आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, घरूनच जुळवून आणतो. लोक ड्रॅगन जमवतात, मी सापळे जमवतो. माझी पानं टेबलावर पालथी पडून असतात; समोरच्यानं चाल केली की मी एक सुलटं करतो आणि त्याची चाल जागच्या जागी बारगळते.

उपांत्य फेरीत समोर आला मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. व्यायामशाळा चालवतो आणि खेळतोही तसाच, आधी दंड फुगवणार, मग पान टाकणार. सासरची अख्खी फौज बघायला हजर (सासूबाई बसायला उशी घेऊन), आणि ही स्वतःची उपांत्य फेरी जिंकून येऊन बसली ती भावाच्या बाजूला. (बसू दे. माझ्या बाजूला खिडकी होती, वारा तरी लागला.) त्यानं आपला सोनेरी ड्रॅगन काढला, आईकडे पाहिलं, टाळ्याही घेतल्या. मी एक पान सुलटं केलं. ड्रॅगन परत त्याच्या हातात. त्यानं पुन्हा काढला. मी दुसरं सुलटं केलं. ड्रॅगन कायमचा बाद.

"भाऊजी, तुम्हीपण काहीतरी खेळा ना!" तो ओरडला.

"खेळतोच आहे."

"हे खेळणं नाही! हे दुसऱ्याला खेळू न देणं आहे!"

मग मी माझा एकुलता एक प्राणी बाहेर काढला. गोगलगाय. ती दर खेळीला थोडं थोडं त्याला कुरतडत गेली आणि तो हरला. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गोगलगाय आणि पोटात पाय! जावई केला तेव्हाच ओळखायला हवं होतं."

आत्या, मी काय लपवलं? पान त्याच्या नाकासमोर होतं. (दिवसभर माझ्या चष्म्यांच्या दुकानात लोकांना भिंगं लावून "आता दिसतंय का?" विचारतो, याला तेवढं विचारलं नाही.) जन्मभर ऐकलं, हा पुढे पुढे करत नाही, याचं काही खरं नाही. असा माणूस थांबून, बघून जिंकला तर ती लबाडी, आणि दंड थोपटून जिंकला असता तर पराक्रम? माफी मागणार नाही. डेकही बदलणार नाही. ज्याला ड्रॅगन जपायचाय त्यानं तो घरी कपाटात ठेवावा.

काकांना नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (एवढी एक आज्ञा सोडून) भाचा

ता. क. अंतिम सामना हिच्याशी आहे. सध्या ही जेवणाच्या टेबलावर पानं निवडत बसते आणि मी आलो की हातानं झाकते. तू सहज फोन करून विचार ना, सापळे मोडणारी पानं किती घातलीस? तुझ्याशी ती खोटं बोलणार नाही.

ता. क. (दुसऱ्या अक्षरात) आत्या, नमस्कार करते. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलंय, तेही पाकीट न चिकटवता. फोन जरूर करा, मी खरं तेच सांगेन. यांना मात्र "एकही नाही" म्हणून कळवा.